जिवंत माणसाचा समाचार

आमच्या घरी पंचवटीतलं उपाध्येपण होतं. यात्रेकरू आला की गाव सांगायचा, आमचे हे वही काढून त्याच्या आजोबांची सही दाखवायचे, आणि मग रामकुंडावरचे विधी आमच्याकडेच व्हायचे. ज्या वहीत सही, त्या वहीचं ते घराणं.

तेहेतीस-चौतीस साल असेल. मंदीमुळे यात्रेकरू आधीच कमी. त्यात शेजारचे उपाध्ये टांगा घेऊन स्टेशनावर जाऊन बसत आणि दुसऱ्यांची माणसं वळवून आणत. त्यांचं घर दुमजली झालं, बायकोच्या हातात पाटल्या आल्या. खोटं कशाला सांगू, मी जळायची. यांना म्हणायची, तुम्हीही जा की स्टेशनावर. "देव बघतोय," एवढंच म्हणायचे. नुसता बघत काय बसलाय, असं माझ्या ओठांवर यायचं.

शेवटी सटाण्याकडचं एकच मोठं घराणं आमचं उरलं. त्यांच्या बाजरीवर आमचं वर्ष निघायचं.

एके सकाळी त्या घरची थोरली सून दारात आली आणि तोंडाला पदर लावून रडायलाच लागली. मग तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"माय, तुना कपायवर कुंकू शे! आमले सांगं, तुना भटजी गया."

तिचा सासरा वारला होता. अस्थी घेऊन सगळे आले होते. शेजाऱ्यांनी स्टेशनावरच त्यांना सांगितलं होतं, तुमचे उपाध्ये गेले, आता मीच. ही बिचारी माझ्या समाचाराला आली होती. हे आतून बाहेर आले. त्यांना बघून तिने भीतीने हातच जोडले.

सही अजून झाली नव्हती, विधी संपल्यावर व्हायची होती. मी वही यांच्या हातात कोंबली. म्हटलं, पळा रामकुंडावर.

हे उंबऱ्याशी थांबले. "मी गेलो की तिथे भांडण होणार. ती माणसं अस्थी हातात घेऊन उभी, आणि दोन भट एकमेकांच्या अंगावर. त्या म्हाताऱ्याने माझं काय वाईट केलंय?"

तिलाही यांनी तेच सांगितलं, आज कुंडावर काही बोलू नका. ती डोळे पुसत निघून गेली. दुपारपर्यंत सही शेजारच्या वहीत पडली होती.

मी चूल पेटवली, भाकऱ्या थापल्या, वाढलं. जेवताना म्हणाले, "मला हेवा वाटत नाही असं वाटतं का तुला? रोज वाटतो. पण तसं केलं तर संध्याकाळी देवासमोर कुठल्या तोंडाने बसू? मला दुसरं कोण आहे?"

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून असं मी पहिल्यांदाच ऐकलं.

देवावर माझा तेव्हा विश्वास नव्हता. समोर मान खाली घालून जेवणाऱ्या माणसावर होता. त्या वर्षी बाजरी आली नाही, आणि मी त्यांना त्याबद्दल एक शब्दही बोलले नाही.