बिनबांबूची बोट

वैनगंगेवर आमच्या घाटाले भंडाऱ्याच्या एका भांडेवाल्या शेठची केबिनवाली मोटारबोट बांधून असते. राखण माझी. शेठ दर रविवारी तिच्यासाठी काही ना काही आणतो. पडदे झाले, गादी झाली, दुकानातली पितळी घंटाही लागली. बोट पुसताना तो तिच्याशी लेकीसारखा बोलतो. इंजिन अडलं तं बोट ढकलाले एक बांबू ठेवा, हे मी सांगून थकलो. तो म्हणे, "इंजिनच्या बोटीत बांबू कायले, बुवा? लोक हासतीन."

मागच्या रविवारी शेठाणी पहिल्यांदा बोटीत बसली, मीही संगं होतो. "मले भेव लागला तं बोट इकाची," अशी तिची अट. नदीच्या मधोमध इंजिनाच्या पंख्यात जलपर्णी अडकली अन् बोट थांबली. शेठनं काही झालंच नाही असं दाखवत शेगडीवर चहा ठेवला. मी धोतर खोचून पाण्यात उतरलो.

"बुवा काहून उतरले?" शेठाणीनं विचारलं.

"आंघोळीले. इथंच करतेत ते रोज," शेठ म्हणाला.

मी पाण्यातून मान डोलवली अन् हातानं जलपर्णी तोडून काढली. इंजिन सुरू झालं. शेठाणी आरामात चहा पिऊन राहिली होती.

या रविवारी शेठनं बांबू आणला, दोन्ही टोकांले पितळेच्या टोप्या बसवून. "शोभेले आणला," म्हणे. त्याच्या मागून शेठाणी बोटीत चढली अन् माझ्या हातात साबणाची वडी ठेवली.

"घ्या बुवा, आज साबण लावून करा."