आमेनची वाट

गेल्या वर्षी गळ्यातल्या गाठीची शस्त्रक्रिया झाली आणि माझा आवाज गेला. हळूहळू येईल, पण खात्री देता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या चर्चमध्ये मी वर्षानुवर्षं संडे स्कूल घेत आले आहे. गाणी मी सुरू करायची, गोष्टी मी सांगायच्या, प्रार्थनाही मीच करायची. बाईंचा आवाज बाहेर रिक्षावाल्यांना ऐकू जातो, अशी मुलं चेष्टा करायची आणि मला मनातून त्याचं कौतुकच वाटायचं. तोच आवाज गेल्यामुळे मी देवावर रुसले होते. घ्यायचंच होतं तर गुडघे घ्यायचेस, तसेही ते दुखतातच. नेमका तुझ्याच कामाचा गळा का, असं रोज विचारायची.

वर्ग घ्यायला दुसरं कुणी तयार होईना. चर्चच्या पाळकसाहेबांनी बरेच दिवस वाट पाहिली आणि शेवटी संकोचत म्हणाले की, मुलांना मोठ्यांच्या उपासनेतच बसवू. तिथे मुलं काय करतात ते मला ठाऊक आहे. एक तर पेंगतात, नाही तर आईच्या पदराशी खेळतात. लहानपणी मनात रुजलेलं बायबलमधलं वचन जन्मभर साथ देतं, हे मी स्वतः अनुभवलंय, आणि तेच आता बंद पडणार होतं. तरी मी मान डोलावली. त्या रविवारी मुलांचा निरोप घ्यायला म्हणून वर्गात गेले.

मुलं चटईवर गप्प बसली होती. माझ्याशिवाय गाणं सुरू करायची त्यांना सवयच नव्हती. निरोप कसा घ्यावा ते सुचेना, म्हणून मी हात जोडून दाखवले. सगळ्यांनी झटकन डोळे मिटले, आणि मग मी काय करून बसले ते माझ्या लक्षात आलं. बाईंनी आमेन म्हटल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत, हा माझाच नियम. कुणी चोरून बघितलं तर मी नाव घेऊन टोकायची. आता मिटलेल्या डोळ्यांपुढे मी कितीही हातवारे केले तरी दिसणार कुणाला?

मी तोंड उघडलं, तर नुसती हवा बाहेर आली. वर पंखा घरघरत होता आणि मुलं शहाण्यासारखी थांबून राहिली होती. प्रभू, आता तूच बघ, असं मी मनात म्हणाले. इतक्या महिन्यांत त्याच्याशी तक्रारीशिवाय बोललेलं हे पहिलंच वाक्य.

तेवढ्यात सुवार्ता बोलायला लागली. कुंभारीहून येणारी ही लहानगी इतकी लाजरी, की हजेरीलासुद्धा नुसतं बोट वर करायची. डोळे घट्ट मिटून ती म्हणाली, "प्रभू येशू, बाईंचा आवाज परत दे. आनि द्यायचा नसंल तर ऱ्हाऊ दे, पन बाईंना हितंच ठेव. आमी बोलतो की."

मग एकेक जण बोलत गेला. कुणी आजोबांच्या खोकल्यासाठी मागितलं, कुणी गणिताच्या पेपरसाठी. एक मुलगा तेलुगूत बोलला. मला अर्थ कळला नाही, पण त्यात 'बाई' दोनदा आलं. माझे डोळे वाहत होते. सगळ्यांचं झालं आणि मुलं पुन्हा डोळे मिटून थांबली. मी ओठ हलवले. घोगरं, तुटकं, पण आमेन बाहेर आलं आणि मुलांनी डोळे उघडले. त्यांना उपासनेला न्यायला आलेले पाळकसाहेब दारातच उभे होते. ते तसेच परत गेले आणि वर्ग बंद करायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

जखम तेव्हाच भरत आली असेल, असं डॉक्टर म्हणतात. असेलही, मी वाद घालत नाही. मी इतकी बोलत होते की मुलांना देवाशी बोलायला जागाच उरली नव्हती. ती त्यानं मोकळी करून घेतली, असं मला वाटतं. त्यासाठी त्याचे उपकार किती मानू? माझा आवाज अजून अर्धाच आहे, रिक्षावाल्यांपर्यंत जात नाही. गाणं आता मुलंच सुरू करतात, प्रार्थनाही तीच करतात. सगळ्यांचं सांगून झालं की डोळे मिटून माझ्यासाठी थांबतात, आणि मी आमेन म्हणते.