मऊ भात आणि मामंजी

माझ्या सासऱ्यांशी मी जन्मात एकदाच भांडले, आणि तेसुद्धा माझ्या तान्ह्या पोराच्या जेवणावरून. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. त्या काळी सून सासऱ्यापुढं मान वर करून उभी राहायची नाही, भांडण तर सोडाच. पण माझा स्वभाव पहिल्यापासून फटकळ. आईनं लग्नाआधीच माझ्यापुढं हात टेकले होते.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. घरात माणसं तीन: मी, मामंजी आणि माझा दहा महिन्यांचा मुलगा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. आमचे हे मुंबईला गिरणीत, गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकून राहायचे. त्या वर्षी गणपतीला आले ते नाचतच. स्वतःची खोली मिळाली होती! "दिवाळी झाली की तुम्हा दोघांना न्यायला येतो," म्हणाले. मला काय करू नि काय नको असं झालं. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि सगळे दिवस मिळवले तरी चार महिनेसुद्धा आम्ही एकत्र काढले नव्हते.

मामंजी सुपारी कातरत होते. ते थांबले. "पोर अजून मऊ भातावर हाय," म्हणाले. "तिथं नळाला रांग, रेशनला रांग. ही रांगेत उभी राहील, का त्याला भरवीत बसंल? आपल्या हातानं खाया लागला का खुशाल न्या. तवर नाय."

झालं! बापापुढं ह्यांची जीभ टाळ्याला चिकटली. "बरं," म्हणून मुंबईला निघून गेले.

मग मीच कंबर कसली. तोवर पोराचं जेवण म्हणजे नाचणीची पेज, नाहीतर तूप-मीठ घालून गुरगुटा केलेला भात. दोन बोटांनी तोंडात सारायचा आणि जिभेनं बाहेर आला की पुन्हा सारायचा. मी ते बंद केलं. सकाळी पितळीत मोकळा भात, भाकरीचा पापुद्रा, उकडलेलं रताळं ठेवायची आणि हात मागं घेऊन बसायची. माझं माहेर दासगावचं, खाडीकाठचं. आमच्याकडची पोरं हातात भाजलेला बोंबील घेऊनच चालायला शिकतात, मग ह्यालाच काय धाड भरली? पण हा पठ्ठ्या! भात कानात, रताळं डोक्यावर, भाकरी कोंबडीला. कोंबड्या तर अशा सोकावल्या की पितळी वाजली की अंगणातून थेट चुलीपाशी. आणि सगळं उधळून झालं की हा माझ्याकडे बघून आ करायचा.

भातकापणी सुरू झाली. मामंजींचा गुडघा धरलेला, म्हणून ते घरी पोराजवळ आणि मी शेतात. जाताना बजावून जायची, "भरवू नका हां, मामंजी. त्याचं त्याला खाऊ द्या." संध्याकाळी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "नाय गो. हातच लावीत नाय. शेवटी म्याच भरवला." दिवाळी जवळ येत चालली. ह्यांचं पत्र आलं, त्यात एकच ओळ मोठ्या अक्षरांत: खातो का? मला पेंढ्या बांधता बांधता रडू यायचं. मनात म्हणायची, बाबा रे, चार घास तुझ्या हातानं खा, म्हणजे मी माझ्या माणसाजवळ जाईन.

एका दुपारी विळ्याची मूठ निसटली म्हणून दुसरा विळा न्यायला मी घरी आले. पडवीतून आत पाऊल टाकणार तोच थांबले. मध्ये पितळी, एका बाजूला मामंजी, समोर पोर. पितळीत भात आणि शिजून मऊ झालेलं वालाचं बिरडं. पोर चिमटीत एकेक वाल पकडत होतं आणि नेमका तोंडात टाकत होतं. एक दाणा खाली नाही! त्यानं तोंड उघडलं की मामंजींचंही तोंड उघडायचं, मिशीसकट. "शाब्बास रं माज्या वाघा! आनखी एक."

माझ्या बांगड्या वाजल्या आणि मामंजींनी वर पाहिलं. आणि काय करावं त्या माणसानं! झटकन पितळीत हात घातला, भात कुस्करला आणि पोराच्या तोंडाशी नेला, जणू मघापासून हेच चाललंय. पोरानं तो हात ढकलून दिला.

"आजच पयल्यांदा खाल्लान बग," मामंजी म्हणाले. तेवढ्यात पोरानं एक वाल उचलून आजोबांच्या तोंडापुढं धरला. मामंजींनी सवयीनं आ केला, वाल आत गेला, आणि पोर आपल्यासाठी दुसरा शोधायला लागलं. हा दोघांचा रोजचा खेळ होता, आंधळ्यालाही कळलं असतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोक्यावरचा पदर सावरायचंही भान राहिलं नाही. "फसवलंत मला, मामंजी! मी तिकडं देव पाण्यात घालून बसलेय, आणि तुम्ही रोज माझ्याशी खोटं बोलताय?"

मला वाटलं, आता हे उखडणार. त्यांचा आवाज खालच्या वाडीपर्यंत जायचा. पण ते पितळीकडेच बघत राहिले. "पंधरा दिस झालं," म्हणाले. "मीच शिकवला. तू गेलीस का त्याला चांगली भूक लागंस्तवर थांबायचो, नि मग पितळी ठेवायचो. पयला घास खाल्लान तवा लय ग्वाड वाटलं गो. आनि मग ध्यानात आलं, मी माज्याच हातानं घर रिकामं करतोय. म्हनून बोललो नाय."

मी विळा उचलला आणि तरातरा शेतात गेले. राग काही जाईना, आणि रागातच ते मिशीखालचं उघडं तोंड आठवून हसू फुटायचं. शेजारच्या बायका म्हणाल्या, हिला ऊन लागलं.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन वाडीवर यायचा होता. मामंजींना लिहिता येत नव्हतं, मी चौथी शिकलेली. ते स्वतःच कार्ड घेऊन माझ्यापुढं बसले. "लिव," म्हणाले. "पोर आपल्या हातानं खातो. दिवाळी झाली का येऊन दोगांना घेऊन जा." एवढं बोलून दाराबाहेर बघत राहिले. पोर त्यांच्या मांडीवर भाकरीचा तुकडा चघळत होतं.

मला जे हवं होतं ते मिळालं होतं, फक्त लिहायचं बाकी होतं. मी लिहायला घेतलं. झाल्यावर मामंजी म्हणाले, "वाच."

मी वाचलं, "पोर खातो, पण अजून फार सांडतो. शिमग्याला याल तेव्हा दोघांना घेऊन जा."

मामंजींनी कार्डाकडे पाहिलं. मग नाक ओढलं, पोराच्या हनुवटीवरचा भाकरीचा एवढासा कण बोटानं टिपला आणि मला दाखवत म्हणाले, "व्हय गो. लयच सांडतो."