आबा ऐकत नाहीत

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही — कदाचित आमच्या कळंबच्या घरी तुम्ही कधी येणार नाही, म्हणून असेल.

आधी एवढं सांगते, की माझं बरं चाललंय. इंदापुरात माझा इंग्रजीचा क्लास आहे, स्कूटीवरून जाते-येते. घरचा ऊस आहे, पेरूची बाग आहे. सासरे — आबा — रोज सकाळी बागेतून हिंडून येतात आणि कुठल्या झाडाचे पेरू पोपटांनी टोचले ते मला सांगतात. म्हणजे सुखातच आहे मी. सुखातल्या माणसाला असलं काही आठवू नये खरं तर. पण माझं कामच असं, की दरवर्षी एकदा ते फळ्यावर लिहावं लागतं.

‘स्टॉप रेस्टिंग’ म्हणजे आराम बंद करा. ‘स्टॉप टू रेस्ट’ म्हणजे आराम करायला थांबा. इंग्रजी क्रियापदानंतर दुसरं क्रियापद येतं तेव्हा मधला ‘टू’ बघायचा, असं मी मुलांना सांगते. एवढासा तो ‘टू’, पण अर्थ पार उलटा होतो. मुलं हसतात, उतरवून घेतात. आणि मी — मी लगेच फळा पुसते.

माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन बारामतीला झालं. तिथं व्यायाम शिकवायला केरळच्या एक तरुण बाई नुकत्याच आल्या होत्या. मराठी अजिबात नाही, हिंदी मोडकंतोडकं. त्या इंग्रजीत बोलायला लागल्या तसं सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. आबा तर शेजारच्या कॉटवरच्या माणसाला म्हणाले, “आमची सून हाय की! इंग्रजीत एम.ए. झालीया ती.”

तुम्हाला कसं वाटलं असतं? मला तर आभाळ ठेंगणं झालं.

बाई भरभर बोलल्या. ‘गेट हिम टू वॉक’ — चालायला लावा, हे कळलं. पुढं म्हणाल्या, ‘अँड गेट हिम टू स्टॉप टू रेस्ट.’ मी काय समजले? चालायला लावा, आणि आराम बंद करायला लावा. मनात शंका आली नाही असं नाही — आली होती. पुन्हा विचारलं असतं तर बाईंनी आनंदानं सांगितलं असतं. पण आबांनी नुकतीच माझी एम.ए. सांगितली होती ना. नवरा औषधं आणायला गेला होता; मी मान डोलावली आणि आबांना मराठीत ठासून सांगितलं, “भरपूर चालायचं, मधे बसायचं नाही.”

घरी आल्यावर, नवरा शेतावर गेला की, आबा वॉकर धरून अंगणात चालायला लागले. दाराशी एक खुर्ची असायची. तिच्याजवळ आले की विचारायचे, “वाईच टेकू का?” मी म्हणायची, “नाही आबा, दवाखान्यात सांगितलंय.” “बरं,” म्हणायचे, आणि पुन्हा वळायचे. कपाळावर घामाचे थेंब, ओठ घट्ट मिटलेले. पुढं पुढं ते खुर्चीकडं बघायचे तेही मला सोसवेना — मग काय केलं मी? खुर्ची उचलून आत नेऊन ठेवली.

गुडघा सुजून टरारला. ताप भरला. आम्ही गाडी करून पुन्हा बारामतीला गेलो.

इथपर्यंत चूकच होती. चूक माझी मुलंही करतात, मी खोडते आणि पुढं जाते. मला जे सांगायचंय ते याच्या पुढचं आहे.

बाईंनी गुडघा पाहिला आणि त्या चपापल्या. मग स्वतःच वॉर्डात चालून दाखवलं. थोडं चालल्या, थांबल्या, कॉटवर टेकल्या, छातीवर हात ठेवून सावकाश श्वास घेतला. ‘स्टॉप,’ म्हणाल्या, ‘टू रेस्ट.’

मला तिथंच सगळं कळलं.

त्यांनी मला विचारलं, तुम्ही यांना सांगितलं नव्हतं का? साधा प्रश्न होता. रागही नव्हता त्यात. शेजारी नवरा उभा, आबा कॉटवर पाय पसरून माझ्याकडं बघतायत — आणि मी म्हणाले, ‘आय टोल्ड हिम. ही डझन्ट लिसन.’ मी सांगितलं होतं. हेच ऐकत नाहीत.

हे इंग्रजी मात्र बिनचूक होतं.

बाईंनी आबांकडं बघून लटक्या रागानं बोट हलवलं. आबा हसले, त्यांनी हात जोडले. “काय म्हंत्याती बाई?” त्यांनी मला विचारलं.

“म्हणतायत, जिवाला जपा.”

बघा, एका दमात मी दोघांशी खोटं बोलले. एकमेकांचं बोलणं कळायला दोघांनाही माझ्याशिवाय कोण होतं?

नवऱ्याला माझं ‘लिसन’ कळलं होतं. परतताना गाडीत तो आबांवर उखडला. “आबा, तुमी ऐकत का न्हाय? इतकं समजावून सांगती ती तुमाला!”

“आरं, सूनबाईनं सांगितलं तसंच केलं की मी. ती म्हणली टेकू नका, म्हून न्हाय टेकलो.”

“ती आसं कशाला सांगंल? एम.ए. हाय ती.”

आबा सुजलेल्या गुडघ्यावरून हात फिरवायला लागले. मी खिडकीतून बाहेरचा ऊस बघत बसले. एक शब्द पुरला असता — पण मी तो उच्चारला नाही. कळंब येईपर्यंत नाही, त्यानंतरही नाही.

गुडघा पुढं बरा झाला. पण घरात तेवढं वाक्य राहिलं. आबांनी गोळी चुकवली, उन्हात गेले, चहात साखर जास्त घातली, की कुणीतरी म्हणणारच — आबा ऐकत नाहीत. पाहुण्यांनाही माहीत झालं. सगळे प्रेमानंच म्हणतात, आबाही हसतात. मीसुद्धा म्हटलंय कितीदा तरी.

मागच्या वर्षी दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तो छान बसला, बागेत हिंडतात ते मघाशी सांगितलंच. या वेळी मी प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून घेतली. पण दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी मी त्यांचे कपडे पिशवीत भरत होते, तेव्हा आबा जवळ येऊन बसले. मग म्हणाले, “सूनबाई, ह्या बारीला तू सांगशील तसंच करणार मी. मागच्या टायमाला मी ऐकलं न्हाय. तुला लई तरास दिला.”

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. टोमणा आहे का ते शोधत होते मी — नव्हता. ऐकून ऐकून त्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं.

आणि मी काय म्हणाले? “असू दे, आबा,” म्हणाले.

मी त्यांना माफ केलं.