बोटात घर असलेल्या अक्का

दिवा लावायचा असला की अक्का फोन उचलून आधी ‘हॅलो’ म्हणायच्या. खरं तर रिसीव्हर उचलायची गरजच नव्हती. नुसतं एक आकड्याचं बटण दाबलं तरी दिवा लागायचा. पण अक्कांचा जन्म मिलच्या टेलिफोन बोर्डावर गेलेला. “बोलल्याबिगर बटन दाबायचं म्हंजे दार न वाजवता कुणाच्या घरात शिरल्यावानी वाटतंय,” म्हणायच्या.

मी गडचिरोलीकडची. आठवीत शाळा सुटली. पुढे नवऱ्याच्या कामामागे सोलापूरला आले आणि अक्कांकडे दिवसभर सोबतीला राहू लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी हाक मारली, “तंगी, च्या टाक.” मला वाटलं, घरात पैशांची तंगी आहे म्हणजे आपलं काम काही टिकत नाही! मी चहात साखर निम्मीच घातली. अक्कांनी घोट घेतला.

“साखर संपली का गं?”

“तुम्हीच म्हणालात ना, तंगी आहे म्हणून.”

अक्का हसून हसून खोकू लागल्या. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. माहेर इतकं लांब राहिलेल्या मला पहिल्या दिवशी कुणी बहीण म्हटलं होतं, आणि मी साखर वाचवत बसले होते.

काचबिंदूनं अक्कांची नजर जवळजवळ गेली होती. त्यांचा मुलगा संगमेशदादा पुण्याला. आईला ते कानडीत ‘अव्वा’ म्हणायचे. त्यांनी आधी मोबाईलवरून दिवे-पंखे चालतील अशी सोय करून दिली. पण गुळगुळीत काचेवर अक्कांचं बोट नुसतंच घसरायचं. “हिला ना नाक, ना डोळा. हात कुटं ठिवू?” मग दादांनी आपल्या ऑफिसातले मोडीत निघालेले टेबलावरचे फोन आणले आणि वायरमनकडून खोलीखोलीत भिंतीवर जोडून घेतले. एकला दिवा, दोनला पंखा, तीनला पाण्याची मोटर, चारला दाराची कडी, शून्याला त्या खोलीतलं सगळं एकदम बंद. पाचाच्या बटणावर बारीक उंचवटा असतो. तो चाचपून अक्का बाकीची बटणं ओळखायच्या. “पाच घावला की सगळं गाव घावलं.”

येणाऱ्याजाणाऱ्याला कळावं म्हणून बटणांशेजारी नावांच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या होत्या. त्या सांगतील ते मी स्केचपेननं लिहीत होते. शून्याशेजारी मी ‘सगळे बंद’ लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं.

“खोड ते,” अक्का म्हणाल्या. “मिल बंद झाली त्या दिशी शेवटचे फोन मीच जोडले. दर फोनवर त्योच शबूद. माझ्या घरात नको.”

“मग काय लिहू?”

“दुकान वाढवत्यात की न्हाय? बांगडी वाढवत्यात. तसं लिही. वाढवा.”

मी लिहिलं.

त्या हिवाळ्यात अक्कांच्या छातीत कफ झाला आणि उशाशी ऑक्सिजनचं मशीन आलं. तेही वायरमननं त्या खोलीतल्या फोनला जोडून दिलं. उन्हाळ्यात दादा भेटायला आले. दुपारची वेळ, सोलापूरचं ऊन. अक्का म्हणाल्या, “पंखा जरा वाढव रे.” दादांनी फोनकडे पाहिलं आणि ‘वाढवा’ दाबलं.

पंखा थांबला. दिवा गेला. मशीननं लांब शिटी मारली. दादा जागच्या जागी थिजले, मी दारात. अक्कांनीच हात लांब करून पाच चाचपला आणि एकेक बटण दाबत सगळं पुन्हा चालू केलं.

“शिकून शिकून मराठी इसरलास की रं!” त्या हसत होत्या.

दादा हसले नाहीत. “अव्वा, मी होतो म्हणून बरं. दुसऱ्या कुणी दाबलं असतं तर?”

“तू होतास म्हणून तर बंद पडलं!”

“उद्या माझ्याबरोबर पुण्याला चल.”

“माझं घर माझ्या बोटात हाय. तितं मी पाव्हणी.”

“मला तिथे रात्र रात्र झोप लागत नाही गं,” दादा म्हणाले.

अक्कांनी पाचाच्या उंचवट्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “तंगी, माझी पातळं पिशवीत भर. पोराला झोप लागूदे.”

पुण्याला गेल्यावरही त्यांनी माझी काळजी केली. मला दुसरीकडे काम मिळावं म्हणून तिथून ओळखीच्या घरी फोन लावून घेतले. आज मी ज्या आजींकडे आहे ते घर अक्कांनीच मिळवून दिलं. एकदा फोनवर मला म्हणाल्या, “हितले दिवे माणसाचं बोलणं ऐकत्यात म्हणं. इंग्लिशात सांगावं लागतंय. माझं काय ऐकत न्हाईत. बरं, तू जेवलीस का?”

दिवाळीआधी त्या गेल्या. माती पुण्यालाच झाली. मला तोंडसुद्धा दिसलं नाही.

पुढे दादा घर रिकामं करायला सोलापूरला आले. मी भांडी बांधून देत होते. भिंतीवरचा फोन काढता काढता ते मध्येच थांबले.

“मी संध्याकाळी ऑफिसातून यायचो ना ताई, तर तिच्या खोलीत अंधार असायचा. मला वाटायचं, झोपलीय. परवा बायको म्हणाली, ती जागीच असायची. तसल्या उकाड्यात पंख्याशिवाय बसून राहायची.” मग त्यांनी मला विचारलं, “एकदा हाक मारून सांगायचं की नाही? का नाही सांगितलं तिनं मला?”

मला उत्तर ठाऊक होतं. अक्कांनी सांगितलं असतं तर दादांची झोप पुन्हा उडाली असती.

मी पातेल्यावर कागद गुंडाळत म्हटलं, “आवाज बसला असेल हो त्यांचा, दादा.”