बकऱ्यांनी खाल्लेलं प्रॅक्टिकल

दिंद्रुडच्या स्टँडवर आबांनी, माझ्या वडिलांनी, माझी पिशवी एसटीत चढवली आणि एवढंच म्हणाले, "तू शिक. बकऱ्या मी बघतो." मी पुण्याला बॉटनी शिकायला निघाले होते. आई पदरानं डोळे पुसत होती आणि मला मात्र लई आनंद झाला होता. मैत्रिणींनो, गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या, हे आज पहिल्यांदा कबूल करते.

वर्ष व्हायच्या आत करोना आला. हॉस्टेल रिकामं झालं, मी परत माळावर. रेंज फक्त टेकडीवर, म्हणून आबांनी कळपाची वाटच बदलली. माझं लेक्चर जिथं, तिथं बकऱ्यांची चराई. वर्गात सगळ्यांचे कॅमेरे बंद. निम्मा तास 'आवाज येतोय का' यातच जायचा, उरलेल्या वेळात मी पीडीएफ वहीत उतरवायचे. मायक्रोस्कोप तर सिरियलसारखा नुसता बघितला. चारी बाजूंनी झाडंझुडपं, आणि मी त्यांच्यात बसून लॅटिन नावं घोकत होते. येडपटच की!

मग प्रॅक्टिकल आलं. वीस वनस्पती पेपरात दाबून, वाळवून कॅमेऱ्यापुढं दाखवायच्या, नाहीतर वर्ष वाया. पंधरा दिवस खपून केल्या आणि आदल्या दिवशी, जरा ऊन लागू दे म्हणून अंगणात मांडल्या. धनगराची पोर मी, तरी बकऱ्यांच्या वाड्याचं झाप, म्हणजे कुडाचं दार, लावलं का ते बघितलं नाही. बकऱ्यांनी पेपरासकट अठरा झाडं फस्त केली. मी भोकाडच पसरलं. आबा उरलेली दोन उचलून हसायला लागले.

"तरवड अन् रुई. ह्यांना बकरी तोंड लावत न्हाई. रडू नको माय, बाकीची कुठं उगवत्यात ते मला ठावं हाय."

परीक्षेत मी सरांना खरं ते सांगितलं आणि झाडं जिवंत दाखवू का विचारलं. सर हो म्हणाले. आबा पुढं, मी फोन धरून मागं. मी नाव सांगायचे; बकरी ते झाड कधी खाते, कशानं दूध वाढतं, हे आबा सांगायचे. सर मला सोडून आबांनाच प्रश्न विचारायला लागले. तेवढ्यात एकेक कॅमेरा उघडत गेला. कित्येक महिन्यांनी मला माझ्या वर्गाची तोंडं दिसली, सगळी हसणारी. तो तास कुणालाच संपायला नको होता.

मी पास झाले. आबांनी मार्क विचारले नाहीत. पुण्याला कवा जायचं, तेवढंच विचारलं.

आता मी पुण्यातल्याच एका लॅबमध्ये काम करते. मायक्रोस्कोप रोज हाताखाली असतो. तरी परवा एक रानपाला काही केल्या ओळखू येईना, म्हणून आबांना व्हिडिओ कॉल लावला. पान उलटंपालटं करून दाखवलं. आबांनी डोळे बारीक केले आणि मान हलवली.

"फोनवर न्हाई कळत बाई. चावून बघाया लागतंय. घिऊन ये."

घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. पान ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि शनिवारची एसटी पकडली.