विमानावरचं कुंकू

त्या चित्राची गोष्ट निघाली की आजही माझं डोकं तापतं.

तेव्हा मी सुरतेत, उधन्याच्या बाजूच्या ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. सकाळच्या हजेरीलाच खानदेशी म्हातारे काका-काकू आले. काका हवाई दलात विमानांना बॉम्ब लावायच्या कामावर होते. युद्धात शत्रूच्या धावपट्टीवर झालेल्या हल्ल्याचं एक मोठं छापील चित्र त्यांच्याकडे होतं. त्याच्या मोजक्याच प्रती निघालेल्या. खाली हल्ल्यावर गेलेल्या वैमानिकांनी पेनने केलेल्या सह्या होत्या. एका वैमानिकाने काकांनाही दटावलं होतं, "बॉम्ब तू लावलेस ना? मग कर सही!" त्यामुळे ही प्रत म्हणजे शौकिनांच्या दृष्टीने घबाडच होतं. काकांसाठी मात्र आपणही त्या लढाईत होतो याची ती एकुलती एक खूण होती.

दसऱ्याला त्या चित्राची पूजा व्हायची. या वेळी काच फुटलेली, म्हणून काकूंनी सवयीने थेट कागदावरच्या विमानालाच कुंकू लावलं. मग नवी काच बसवायला चित्र फ्रेमवाल्याकडे दिलं.

"अन् परत जे आलं ना साहेब, हाई आमनं चित्र नही!" काकू ठणकावून म्हणाल्या.

हवालदार गालात हसला. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि फिर्याद लिहून घ्यायला लावली. दोनच दिवसांत शहरातल्याच कतारगाम भागातून खबऱ्याचा निरोप आला, तिथल्या एका छपाईवाल्याने म्हणे हुबेहूब असंच विमान छापलंय.

फ्रेमवाल्याला बोलावलं. गडी निर्ढावलेला. "साहेब, कागळ ज छे ने! नुसता कागद तर आहे. आणि हे बघा, काकूंचं कुंकूपण आहे. काकांना आता आठवत नाही, त्याला मी काय करू?"

काकांचा चेहरा उतरला. मला मात्र त्या कुंकवाचीच शंका आली. ठाण्यात दर दसऱ्याला आम्ही रायफलींची पूजा करतो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या वर्दीवर लाल बोटं उमटलेली असतात, खरं कुंकू हाताला लागल्याशिवाय राहत नाही. पंचांसमोर फ्रेम उघडली, अंगठा ओला केला आणि विमानावर घासला. अंगठा कोरा! शहाण्याने नक्कल करताना कुंकूसुद्धा छापून घेतलं होतं.

"आता बोल," मी म्हणालो. तो खाली बसला आणि पोपटासारखा बोलला. अस्सल चित्र एका बड्या व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात होतं.

ओळख पटवायला काकांना घेऊन आम्ही निघणार तोच वरून फोन आला. "एवढ्याशा कागदासाठी कशाला मोठ्या माणसाशी वैर?"

"लेखी आदेश द्या सर, स्टेशन डायरीत नोंद करतो." फोन ठेवला गेला. आदेश काही आला नाही.

चित्र मिळालं. कुंकू पुसायच्या नादात व्यापाऱ्याच्या माणसांनी ते चित्रातल्या आभाळभर फासलेलं. व्यापारी काकांना म्हणाला, "तक्रार मागे घ्या, तुम्हाला याहून मोठं, स्वच्छ चित्र देतो."

काका ताठ उभे राहिले. "त्यावर माझी सही असेल?"

व्यापाऱ्याच्या देखतच आम्ही चित्र जप्त केलं.

पुढे कोर्टाच्या हुकमाने चित्र काकांकडे परत गेलं. डाग काढून देणारा माणूस माझ्या ओळखीचा होता, मी तसं सुचवलंही. काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. पुढल्या दसऱ्याला त्याच्यावरच लावीन."

नोकरीत पुढेही 'नुसता कागद आहे' असं मला अनेकांनी ऐकवलं. प्रत्येक वेळी मी म्हणालो, मग द्या की परत, एवढा घट्ट का धरलाय?